जानेवारीत इंग्लंडच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार: जावे का, आणि गेल्यास कोठे?

ताराबाईपार्क

सर्व सभासदांना नमस्कार.

आमची कन्या आणि जावई इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतात. येत्या जानेवारीत मी आणि सौ. त्यांच्याकडे जाणार आहोत. जावईबापूंच्या नोकरीमुळे लांबची सहल जमणार नाही. मात्र एका शुक्रवारी दुपारनंतर निघून रविवारी रात्रीपर्यंत परतता येईल एवढी सवड ते काढतील, आणि हे दोन दिवस समुद्रकाठच्या एखाद्या गावी घालवावेत असा कन्येचा आग्रह आहे.

आपण कोल्हापूरकर गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट उतरून मालवण-देवगड गाठतो ते याच दिवसांत, कारण तिकडचा हंगामच हिवाळ्याचा. इंग्लंडचे नेमके उलटे. तेथील माणसे जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रावर जातात आणि जानेवारीत हीटर लावून घरात बसतात, असे ऐकून आहे. पाण्यात पाय घालायची सोय नाही, निम्मी दुकाने बंद आणि दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार, अशा वेळी तेथे जाऊन करायचे तरी काय, असा सौ.चा सवाल आहे आणि मला त्याचे उत्तर देता आलेले नाही.

माझे वय ६५ आणि सौ.चे ६१. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या आणि चढउतार शक्यतो नकोत. ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही चालत नाही. माझे तसे काही नाही. नातू सहा वर्षांचा आहे, म्हणजे आम्ही चार मोठे आणि एक लहान. जावईबापूंनी ब्रायटन, बोर्नमथ, टॉर्की आणि वेस्टन-सुपर-मेअर अशी नावे काढली आहेत, तर कन्येच्या मनात यॉर्कशायरमधील व्हिटबी आहे. जायचे ते रेल्वेनेच, एवढे मात्र नक्की. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पंचगंगाघाट

नमस्कार साहेब. नोकरीनिमित्त मी काही वर्षे साउथॅम्प्टनला होतो, आता पुन्हा कोल्हापुरात आहे. वहिनींचा सवाल रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. जानेवारीत तिकडच्या समुद्रावर जायचे ते पाण्यासाठी नव्हे, चालण्यासाठी. दक्षिण किनाऱ्यावर त्या दिवसांत पाण्याचे तापमान ८ ते १० अंशांच्या आसपास असते आणि दिवसा हवेचेही साधारण तेवढेच, त्यामुळे पोहणारे कोणी हौशी दिसले तर त्यांच्याकडे आपण कोटाची बटणे लावून लांबूनच पाहावे. पण मैलोन्‌मैल सपाट पदपथ, गर्दीचा मागमूस नाही आणि हॉटेलांचे दर उन्हाळ्याच्या मानाने बरेच उतरलेले, ही त्या दिवसांची जमेची बाजू आहे. संध्याकाळी आपण रंकाळ्यावर जातो ते काही पोहायला नव्हे. एक फेरी मारतो, कट्ट्यावर बसतो, भेळ खाऊन घरी येतो. तसाच तो प्रकार समजावा, फक्त फेरी संध्याकाळऐवजी भर दुपारी मारायची.

रेडिंगहून निघणार असाल तर माझे मत सरळ बोर्नमथच्या बाजूने आहे. थेट गाडी मिळते, दोन तासांच्या आत-बाहेर पोहोचवते आणि मध्ये सामान घेऊन फलाट बदलावा लागत नाही. किनारा वाळूचा, अगदी आपल्याकडच्यासारखी पुळण, आणि सुमारे सात मैल लांब. शिवाय हे गाव मुळात हिवाळ्यासाठीच नावारूपाला आले, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १८१० पूर्वी तेथे माळरानाखेरीज काही नव्हते; त्या वर्षी लुइस ट्रेगनवेल नावाच्या एका माजी लष्करी अधिकाऱ्याने तेथे जागा घेऊन घर बांधायला सुरुवात केली, आणि पुढे त्या परिसरात पाइनची झाडे मोठ्या प्रमाणावर लावली गेली. या झाडांवरून येणारी हवा छातीच्या विकारांना मानवते अशी व्हिक्टोरियन काळातील डॉक्टरांची समजूत होती, त्यामुळे क्षयाचे रुग्ण मुद्दाम थंडीचे महिने काढायला येथे येत. बागेतून समुद्राकडे जाणाऱ्या पाइनच्या रांगेला तेव्हा 'रुग्णांची वाट' असेच नाव होते. गावाला ते पुढे शोभेना, म्हणून बदलून 'पाइन वॉक' करण्यात आले.

आता उजेडाचा हिशेब नीट समजून घ्यावा, कारण सगळा बेत त्यावर बसवावा लागतो. जानेवारीच्या मध्यास तेथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आसपास मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर येतो. त्याच दिवशी कोल्हापुरात तो ५२ अंशांवर असतो. त्यामुळे ढग नसतील तेव्हा ऊन दिवसभर तिरपेच पडते, आणि बोर्नमथचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून असल्याने ते थेट अंगावर येते. ओहोटीनंतर वाळूवर ज्या बोटभर उंचीच्या वळ्या उरतात, त्यांतल्या प्रत्येक वळीची सावली शेजारच्या वळीवर पडलेली भर बारा वाजता स्पष्ट दिसते. हवा स्वच्छ असेल तर उजव्या हाताला ओल्ड हॅरी हे खडूचे पांढरे सुळके आणि डावीकडे आइल ऑफ वाइट बेटाच्या टोकाचे नीडल्स नावाचे तसेच सुळके दिसतात. साडेदहा ते तीन हीच फिरण्याची खरी वेळ. शुक्रवारी तुम्ही अंधारातच पोहोचाल, तेव्हा तो दिवस हिशेबात धरू नये.

गुडघ्यांच्या दृष्टीने एक सूचना. बोर्नमथला समुद्राच्या मागे उंच कडे आहेत आणि बरीचशी हॉटेले त्या कड्यांवर आहेत. तेथून दृश्य उत्तम दिसते, पण खाली येण्याजाण्याचा चढ रोज पदरी पडतो, आणि कड्यावरून खाली आणणाऱ्या जुन्या लिफ्टच्या भरवशावर राहू नये. त्याऐवजी गावातील लोअर गार्डन्स या बागेच्या बाजूला, पिअरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून समुद्रात आत गेलेल्या फिरण्याच्या धक्क्याच्या जवळ खोली घ्यावी. ती बाग गावाच्या मध्यापासून थेट पिअरपर्यंत हलक्या उताराने जाते. स्थानक तेथून मैलाहून अधिक दूर आहे, तेव्हा उतरल्यावर बस किंवा टॅक्सी करावी. पाऊस आलाच तर पिअरला लागून मत्स्यालय आहे, आणि पूर्वेकडील कड्यावर रसेल-कोट्स संग्रहालय आहे. मर्टन रसेल-कोट्स या हॉटेलमालकाने पत्नी अ‍ॅनी हिच्यासाठी बांधलेले ते घर, आणि दोघांनी जगभर हिंडून, विशेषतः जपानमधून, आणलेल्या वस्तूंनी ते भरलेले आहे.

खासबाग

पंचगंगाघाट यांनी सांगितलेली वाळू आणि थेट गाडी हे दोन्ही मुद्दे मान्य. तरीही मी ब्रायटनचे नाव पुढे करीन. जानेवारीत शनिवारी दिवसभर पाऊस लागणे ही काही विशेष गोष्ट नाही, आणि अशा दिवशी छपराखाली राहून पाहण्यासारखे काहीतरी भक्कम हाताशी हवे. ब्रायटनला ते आहे, आणि कोल्हापूरच्या माणसाने तर ते पाहायलाच हवे.

मी रॉयल पॅव्हेलियनबद्दल बोलतो आहे. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला युवराज १७८३ मध्ये प्रथम ब्रायटनला आला. त्या काळी समुद्राचे पाणी हे औषध मानले जाई, डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५०च्या दशकात तेथे समुद्रस्नानाचा आणि ते खारे पाणी पिण्याचाही पुरस्कार केला होता, आणि गावाची भरभराट त्यातूनच सुरू झाली. युवराजाने तेथे घर घेतले, वाढवत नेले, आणि १८१५ ते १८२२ या काळात जॉन नॅश या वास्तुविशारदाकडून त्याला आजचे रूप दिले. बाहेरून फुगीर घुमट, मिनार आणि दगडी जाळ्या, तर आतून सगळा चिनी थाट. नॅश हिंदुस्थानात कधीही आलेला नव्हता. थॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी येथे हिंडून काढलेली इमारतींची चित्रे समोर ठेवून त्याने हे उभे केले.

आता आपला न्यू पॅलेस डोळ्यांसमोर आणावा. त्याचे बांधकाम १८७७ ते १८८४ या काळात झाले आणि आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हिंदुस्थानी आणि युरोपीय शैलींची सांगड तीच, पण मँट यांच्यासमोर चित्रे नव्हती, प्रत्यक्ष इमारती आणि दगड घडवणारे कारागीर होते. न्यू पॅलेस रोज जाता-येता पाहणारा माणूस पॅव्हेलियनसमोर उभा राहिला की हा फरक त्याला कोणी सांगावा लागत नाही. आपल्याकडचे काम काळ्या दगडाचे आणि भारदस्त, तिकडचे नाटकाच्या पडद्यासारखे हौशी. मोठे घुमट तर आतून ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर तोललेले आहेत. स्वयंपाकघर अवश्य पाहावे. छत पेलणाऱ्या लोखंडी खांबांच्या माथ्यावर तांब्याच्या पत्र्याची ताडाची पाने केलेली आहेत, आणि ती राजाच्या नजरेसाठी नव्हे तर आचाऱ्यांच्या डोक्यावर आहेत, याचे मला अजूनही नवल वाटते. मेजवानीच्या दालनात छतापासून लोंबणारे अजस्र झुंबर एका ड्रॅगनने पंजात धरले आहे. नातवाला तेवढे एक दाखवले तरी तिकिटाचे पैसे वसूल होतील.

या वास्तूचा दुसरा इतिहास अधिक जवळचा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४च्या अखेरीस, येथे जखमी हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय उघडण्यात आले. धर्म आणि जात पाहून वेगळी स्वयंपाकघरे आणि पाण्याचे वेगळे नळ ठेवण्यात आले होते. ब्रायटनच्या रुग्णालयांत जे हिंदू आणि शीख सैनिक दगावले, त्यांपैकी ५३ जणांचे दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झाले, आणि १९२१ मध्ये त्या जागी संगमरवरी छत्री उभारण्यात आली. तिचे नावही छत्री असेच आहे. तेथे जाणारी वाट माळावरून आहे आणि हिवाळ्यात चिखलाची असते, त्यामुळे वहिनींनी तो बेत करू नये. पण पॅव्हेलियनच्या दक्षिणेचा दरवाजा हिंदुस्थानच्या जनतेने कृतज्ञतेची भेट म्हणून दिला आहे, तो जाता-येता दिसतो. त्याचे उद्‌घाटन त्याच वर्षी पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते झाले होते.

किनाऱ्यावर मात्र वाळू नाही, सगळे गोटे आहेत, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांवरून चालणे म्हणजे शिक्षा. वरचा पदपथ सपाट आहे, तेथूनच समुद्र पाहावा. सूर्यास्ताच्या वेळी पॅलेस पिअरपाशी थांबावे. १८९९ मध्ये खुल्या झालेल्या या पिअरखाली हिवाळ्यात स्टार्लिंग पक्षी रात्रीचा मुक्काम करतात; ज्वारीच्या शिवारात उतरणाऱ्या आपल्या भोरड्यांचेच हे भाऊबंद. झोपण्यापूर्वी त्यांचा थवा समुद्रावर घिरट्या घालतो, वळला की गडद दिसतो, पसरला की विरळ होतो, आणि अंधार पडायच्या सुमारास एकदम खाली ओतला जाऊन पिअरच्या लोखंडी तुळयांत नाहीसा होतो. याला तिकीट नाही. पश्चिमेकडे १८६६चा जुना पिअर आहे. तो १९७५ मध्ये बंद पडला, २००३ मध्ये जळाला, आणि आता त्याचा गंजका सांगाडा तेवढा पाण्यात उभा आहे. किनाऱ्यावरची १८८३ची विजेची छोटी रेल्वे हिवाळ्यात धावत नाही, तेव्हा नातवाला तिचे आमिष दाखवू नये.

रेडिंगहून गॅटविक विमानतळापर्यंत थेट गाडी आणि तेथून ब्रायटनची गाडी, असा एक बदल करून जाता येते. लंडनमध्ये शिरण्याची गरज नाही.

वेंगुर्लेमाहेर

नमस्कार दादा. माझे माहेर वेंगुर्ल्याचे, सासर कोल्हापूरचे आणि मुलगी लीड्सला, त्यामुळे थंडीतला तिकडचा समुद्र थोडा पाहिला आहे. पॅव्हेलियन आणि पिअर यांविषयी वरील मंडळींनी सांगितले आहेच. मी वहिनींच्या खाण्याविषयी लिहिते, कारण पुरुष मंडळी त्याचा विचार स्थानकावर उतरल्यावर करतात.

समुद्रकाठी सर्वांत सहज मिळते ते म्हणजे तळलेला मासा आणि बटाट्याचे जाड काप. काप शाकाहारी असतात असे आपण धरून चालतो, परंतु यॉर्कशायरसारख्या उत्तरेकडील भागांत ते बऱ्याच ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळले जातात, आणि तेथील लोकांना त्याचा अभिमान असतो. दक्षिणेकडे वनस्पती तेल अधिक वापरले जाते, पण त्याच कढईत मासाही तळला जातो. तेव्हा काउंटरवर स्पष्ट विचारावे; विचारल्याचा कोणालाही राग येत नाही. नाताळातले उरलेले पुडिंग आणि मिन्स पाय जानेवारीतही पुढे येतात, आणि पारंपरिक कृतीत त्यांत जनावराची चरबी असते. जेली आणि मार्शमॅलो यांत बहुधा जिलेटिन असते. पिअरवर मिळणारी गुलाबी साखरकांडी, जिच्या आत गावाचे नाव आरपार उमटलेले असते, ती मात्र साखरेचीच असते. नातू ती मागणारच.

'व्हेजिटेरियन' म्हटले तरी अंडे असू शकते, म्हणून वहिनींसाठी 'व्हीगन' अशी खूण असलेला पदार्थ मागावा, म्हणजे अंड्याचा प्रश्न मिटतो. सालीसकट भाजलेला मोठा बटाटा आणि त्यावर टोमॅटोच्या रसातली घेवड्याची उसळ, हा पदार्थ जवळजवळ प्रत्येक चहाच्या दुकानात मिळतो, गरम असतो आणि पोटभर होतो. चव मात्र सपक, तेव्हा शेंगदाण्याची चटणी किंवा कोरडे तिखट पर्समध्ये असू द्यावे. भडंगही न्यावे. पेढे, बर्फी, खव्याचे काही नेऊ नये, कारण दुग्धजन्य पदार्थ आणि मांस आपल्याकडून ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे. राहण्याच्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवले तर न्याहारीला अंडी-सॉसेजऐवजी मशरूम, टोमॅटो, घेवडा आणि टोस्ट मिळतो. रविवारी दुपारचे जेवण उशिरापर्यंत ठेवू नये. बऱ्याच ठिकाणचे स्वयंपाकघर लवकर आवरते.

खोली ठरवताना लिफ्ट चालू आहे का, हा प्रश्न फोन करून विचारावा. एका गावी आम्ही समुद्र दिसणारी खोली हौसेने घेतली, तिसऱ्या मजल्यावर, आणि हंगाम नसल्यामुळे लिफ्ट बंद ठेवली आहे हे आम्हाला सामान घेऊन दारात उभे राहिल्यावर समजले. त्या हॉटेलचे नाव घेत नाही. माझ्या यजमानांनी तीन जिने चढताना जे उद्गार काढले तेही येथे लिहिण्यासारखे नाहीत.

कपड्यांबाबत एवढेच, की तिकडची थंडी आपल्याला आकड्यांवरून वाटते तेवढी वाईट नसते, वाईट असतो तो वारा. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर आणि वर वारा अडवणारे, पाणी न झिरपणारे जाकीट घ्यावे. कानटोपी आणि हातमोजे हवेतच. छत्री नेऊ नये, पहिल्याच वळणावर ती उलटी होते. पदपथावर ठिकठिकाणी जुन्या पद्धतीचे, काचा लावलेले निवारे असतात आणि त्यांत निरनिराळ्या दिशांना तोंड करून बाके असतात, म्हणजे वारा कोणत्याही बाजूचा असला तरी एक बाक आडोशाला सापडते. गरम चहा घेऊन तेथे बसणे मला फिरण्यापेक्षाही आवडते. नातवासाठी पिअरवर दोन पेन्सच्या नाण्यांची यंत्रे असतात. आपण एक नाणे आत सोडायचे, आतली फळी पुढे-मागे सरकत राहते, आणि काठावर लोंबकळणारी नाणी आता पडतील, मग पडतील असे वाटत तासभर जातो. मोठी माणसेही त्यात अडकतात.

व्हिटबी सुंदर आहे यात शंका नाही. सातव्या शतकातील मठाच्या जागेवरचे भग्न चर्च आणि खाली मासेमारीचे बंदर, असे ते गाव आहे. पण वर जायला १९९ पायऱ्या आहेत, आणि रेडिंगहून तेथे पोहोचायला दिवसाचा बहुतेक उजेड खर्ची पडेल. लेकीला सांगावे की ते उन्हाळ्यासाठी राखून ठेव.

एक्सेटरवासी

मी मूळचा शिवाजी पेठेतला, सध्या डेव्हन परगण्यात राहतो. जावईबापूंच्या यादीतील उरलेल्या दोन नावांबद्दल लिहितो.

वेस्टन-सुपर-मेअर रेडिंगहून सोयीचे वाटते, पण ते ब्रिस्टल खाडीवर आहे. तेथील भरती-ओहोटीतील फरक जगातील सर्वांत मोठ्या फरकांपैकी असून खाडीच्या वरच्या भागात तो १४ मीटरपर्यंत जातो. ओहोटीला समुद्र मैलभर मागे हटतो आणि मागे उरतो तो चिखल, ज्यात माणूस कमरेपर्यंत रुतू शकतो. ओहोटीच्या वेळी पाण्यापर्यंत चालत जाऊ, असे सहा वर्षांच्या मुलाला वाटणे साहजिक आहे. त्याला हात धरून वाळूच्या पट्ट्यातच ठेवावे लागेल. जानेवारीच्या आखूड दिवसात समुद्र पाहायला जाऊन चिखल पाहून येणे मला तरी पटत नाही.

टॉर्कीची गोष्ट वेगळी. हवा तुलनेने सौम्य, रस्त्याच्या कडेला ताडासारखी झाडे, आणि एकोणिसाव्या शतकात तेही हिवाळी आरोग्यस्थानच होते. अडचण आहे ती वाटेची. रेल्वेमार्ग डॉलिश गावापाशी अक्षरशः समुद्राच्या काठावरून जातो. फेब्रुवारी २०१४च्या वादळात तेथील समुद्रभिंत फुटली, रूळ हवेत लोंबकळत राहिले आणि मार्ग एप्रिलपर्यंत बंद होता. त्यानंतर भिंत नव्याने, अधिक उंच बांधली आहे. तरीही जोराच्या वाऱ्यात आणि उधाणात त्या भागातील गाड्या थांबवल्या जातात. मी येथे राहतो म्हणून मला ते चालते. दोन दिवसांसाठी येणाऱ्याने हा धोका घेऊ नये.

बोर्नमथ किंवा ब्रायटन, कोठेही गेलात तरी निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा पाहावा. येथे २०१५ पासून मोठ्या वादळांना नावे देतात, आणि इशारे पिवळा, केशरी, तांबडा अशा चढत्या क्रमाने असतात. केशरी इशारा असेल त्या दिवशी पदपथावर जाऊच नये, कारण उधाणाच्या वेळी लाटा भिंतीवरून थेट रस्त्यावर येतात आणि सोबत गोटेही फेकतात. ब्रायटनला गोट्यांचा उतार तीव्र आहे. परतणारी लाट पायाखालचे गोटे खरखरत ओढून नेते, आणि त्या वेळी तोल गेला तर धडधाकट माणसालाही उठता येत नाही. कोणी पाण्यात पडलेले दिसले तर आपण मागे उडी घेऊ नये; ९९९ वर फोन करून 'कोस्टगार्ड' मागावा. तसेच कड्यांच्या अगदी काठाशी किंवा अगदी पायथ्याशी उभे राहू नये, कारण पावसाळी हिवाळ्यात ते ढासळतात.

ताराबाईपार्क

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. सौ.ने सर्व उत्तरे दोनदा वाचली आणि लिफ्टचा परिच्छेद कन्येला फोनवर वाचून दाखवला. मुक्काम बोर्नमथला पिअरजवळ करावा, असे आमचे ठरत आले आहे. परंतु खासबाग यांनी पॅव्हेलियनची जी ओढ लावली आहे, ती आता मला स्वस्थ बसू देणार नाही. रविवारी बोर्नमथहून निघून ब्रायटन पाहून रेडिंगला परतणे शक्य होईल का? आणि तिकिटे कधी व कशी काढावीत?

खासबाग

तसे कृपया करू नये. नकाशात दोन्ही गावे एकाच किनाऱ्यावर दिसतात, पण रेल्वेने साउथॅम्प्टनला गाडी बदलून जाण्यात रविवारची सगळी दुपार संपेल आणि पॅव्हेलियन बंद व्हायच्या वेळेला आपण दारात पोहोचाल. आपण महिनाभर राहणार आहात ना? मग आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी आपण आणि वहिनी दोघांनीच रेडिंगहून सकाळी दहाच्या सुमारास निघावे, पॅव्हेलियन पाहावा, पिअरवर पक्षी पाहावेत आणि रात्रीच्या जेवणाला घरी यावे. जावईबापूंना रजा काढावी लागणार नाही, आणि वहिनींना गोट्यांवर पायही ठेवावा लागणार नाही.

एक्सेटरवासी

तिकिटांबद्दल सांगतो. हॉटेल ठरवण्यापूर्वी त्या शनिवार-रविवारी मार्गावर दुरुस्तीची कामे आहेत का, हे नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर पाहावे. हिवाळ्यातल्या रविवारी अशी कामे सर्रास निघतात आणि मग मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बसमध्ये बसवतात. वहिनींच्या गुडघ्यांना बसच्या उंच पायऱ्या आणि सामानाची चढउतार नको. दुसरा शनिवार-रविवार मोकळा असेल तर सरळ तारीख बदलावी. आपल्याबरोबर सहा वर्षांचा नातू असल्यामुळे 'फॅमिली अँड फ्रेंड्स' रेलकार्ड आपल्याला चपखल बसते. त्या एका कार्डावर चार मोठ्या माणसांपर्यंत सर्वांना एक तृतीयांश आणि ५ ते १५ वर्षांच्या मुलाला ६० टक्के सवलत मिळते, त्यामुळे कार्डाची किंमत बोर्नमथच्या जाण्यायेण्यातच निघून जाईल. अट एवढीच की प्रवासात मूल बरोबर असले पाहिजे. ब्रायटनला दोघेच जाल तेव्हा ते कार्ड चालणार नाही. पण आपण दोघेही साठीपुढचे आहात, तेव्हा त्या प्रवासासाठी ज्येष्ठांचे कार्ड पाहावे. ते प्रत्येकाला वेगळे लागते आणि रेल्वे स्थानकाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून मिळते. सकाळच्या गर्दीच्या वेळेत लंडनच्या आसपासच्या भागात सवलतीवर बंधने आहेत, म्हणून खासबाग यांनी सांगितलेली दहाची वेळ पाळावी.